'जर-तर' आणि 'इफ' : संकेतार्थी वाक्यांच्या सरावाविषयी

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेच्या कचेरीत प्रवेशाच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "थोरल्याला इंग्रजी माध्यमात घातले असते, तर बरे झाले असते." त्याच्या मागोमाग दुसरेही येते : "निदान धाकटीला तरी घातले, तर बरे होईल." या वाक्यांतील चिंता खरी आहे आणि तिला उत्तर देणे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वी त्या वाक्यांची घडण एकदा पाहावी. 'घातले असते' असे म्हणताच ऐकणाऱ्याला कळते की थोरल्याला घातले नाही, आणि आता ती वेळ निघून गेली. 'घातले, तर' असे म्हणताच कळते की धाकटीचा निर्णय अजून व्हायचा आहे. पहिल्या वाक्यातले दार बंद आहे, दुसऱ्यातले उघडे. बोलणाऱ्याने हा भेद कोणत्याही तक्त्यावरून पाठ केलेला नाही. तो त्याला घरात, आईच्या बोलण्यातून मिळाला.

इंग्रजी व्याकरणात माध्यमिक वर्गांना सर्वांत अवघड वाटणारा जो पाठ, 'कंडिशनल सेंटेन्सेस', तो मुळात एवढाच आहे. दार उघडे की बंद, आणि गोष्ट केव्हाची, या दोन प्रश्नांवर त्याची सारी रूपे उभी आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच देऊ शकते. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ते अडखळते, आणि का अडखळते याचेही कारण मराठीतच सापडते. म्हणून या पाठाचा सराव मराठीला वर्गाबाहेर ठेवून करणे म्हणजे मुलाच्या हातातला दिवा विझवून त्याला वाट शोधायला सांगणे होय.

मराठी व्याकरणकारांनी या वाक्यांचा विचार फार पूर्वी केला आहे. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. आजही मराठीच्या तासाला मुले क्रियापदाचे चार अर्थ शिकतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यानंतर घंटा होते, इंग्रजीचा तास सुरू होतो आणि तोच संकेतार्थ 'कंडिशनल' हे नाव घेऊन एखाद्या परक्या पाहुण्यासारखा वर्गात येतो. मराठीच्या बाई आणि इंग्रजीचे सर एकाच शिक्षक-खोलीत चहा घेतात. पण आपण दोघे एकच गोष्ट शिकवतो आहोत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. नववीला ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांना तर तिसरा पुरावाही उपलब्ध असतो. पाणिनीने लृङ् लकार सांगितला तो क्रियातिपत्तीसाठी, म्हणजे जी क्रिया घडायची ती घडली नाही असे सांगण्यासाठी. बंद दारासाठी क्रियापदाचे वेगळे रूप असावे, ही गरज इतकी जुनी आहे.

आता प्रचलित सरावाकडे पाहू. वहीत चार रकाने आखले जातात : झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. प्रत्येकात एक सूत्र आणि एक उदाहरण. मग रिकाम्या जागा भरायच्या. एका बाजूला 'वुड हॅव' दिसले की दुसऱ्या बाजूला 'हॅड' आणि क्रियापदाचे तिसरे रूप. 'विल' दिसले की साधा वर्तमानकाळ. चलाख विद्यार्थी वाक्य न वाचताच पाचपैकी पाच गुण मिळवतो. त्याच विद्यार्थ्याला मधल्या सुट्टीत विचारावे, "आज पाऊस पडला असता तर काय केले असतेस, ते इंग्रजीत सांग," तर तो गप्प होतो. त्याला कुलपाचा आकार पाहून किल्ली निवडता येते, पण कुलूप कोणत्या दाराचे आहे हे ठाऊक नसते. रिकाम्या जागा अजिबात देऊ नयेत असे नाही. परीक्षेत त्या येतात, तेव्हा त्यांची सवय हवीच. परंतु तो सरावाचा शेवटचा टप्पा असावा. आज तो पहिला आणि एकमेव टप्पा झाला आहे.

मुलांच्या वह्यांतील चुका नीट वाचल्या तर असे दिसते की त्या बेशिस्त नसतात. त्यांचे ठरलेले चारपाच प्रकार असतात आणि प्रत्येकाला एक पत्ता असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत पहिली चूक बहुधा शेजारून येते. मूल लिहिते, 'इफ इट विल रेन, द मॅच विल नॉट बी प्लेड.' घराच्या उंबऱ्याबाहेर हिंदी सुरू होते, आणि हिंदीत 'अगर बारिश होगी तो' असे भविष्यकाळ घालून सर्रास बोलले जाते. मराठीत असे होत नाही. 'पाऊस येईल तर सामना होणार नाही' हे वाक्य आजीला ऐकवले तर ती लगेच दुरुस्त करील : "'आला तर' म्हण." म्हणजे अटीच्या भागात भविष्यकाळ नको, हा इंग्रजीचा नियम मराठीला नवा नाही, उलट, मराठी तो अधिक काटेकोरपणे पाळते. हे एकदा फळ्यावर तिन्ही भाषांची वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवले की 'विल' आपोआप गळून पडते. हिंदीला दोष देण्याचे कारण नाही, तिची रीत वेगळी. पण तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला कोणती रीत कोणाची हे कळले पाहिजे.

दुसरी चूक अस्सल मराठी. 'तू उद्या आलास तर मी तुला पुस्तक देईन.' इथे 'आलास' हे रूप भूतकाळाचे आहे आणि गोष्ट उद्याची. मूल शब्दाला शब्द ठेवते आणि लिहिते, 'इफ यू केम टुमॉरो, आय विल गिव्ह यू द बुक.' इंग्रजीत उघड्या दारासाठी वर्तमानकाळ लागतो, म्हणून येथे 'कम' हवे. ही चूक सुधारताना मात्र शिक्षकाने एक संधी सोडू नये. 'आलास' आणि 'उद्या' एका वाक्यात सुखाने नांदतात, याकडे मुलाचे लक्ष कधीच गेलेले नसते. ते वेधले की त्याला कळते, भूतकाळाचे रूप म्हणजे भूतकाळच असे नाही. पुढे 'इफ आय हॅड विंग्ज' शिकवताना, 'हॅड' असूनही गोष्ट आजची कशी, हा जो प्रश्न सगळ्या वर्गाला पडतो, त्याचे निम्मे उत्तर येथेच देऊन झालेले असते. इंग्रजी भाषा कल्पनेच्या गोष्टी सांगताना काळाचे एक पाऊल मागे सरकते. ते पाऊल कालगणनेतले नसून वास्तवापासून दूर जाण्याचे असते.

तिसऱ्या चुकीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण ती हुशार मुलेही करतात आणि मोठेपणीही करत राहतात. 'इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन.' मराठीत वाक्य असे : 'तो आला असता, तर मी गेलो असतो.' दोन्ही बाजूंना 'असता', 'असतो'. तराजूची दोन्ही पारडी सारखी. संस्कृतातही लृङ् दोन्हीकडे येतो. त्यामुळे मराठी मुलाच्या कानाला समतोल हवा असतो आणि ते दोन्हीकडे 'वुड हॅव' ठेवते. इंग्रजी मात्र अटीला एक रूप देते, फळाला दुसरे : अटीला 'हॅड कम', फळाला 'वुड हॅव गॉन'. येथे सूत्रापेक्षा कान महत्त्वाचा. पंधरा दिवस रोज तोंडी दहा वाक्ये, अर्धा वर्ग अट म्हणतो, अर्धा वर्ग फळ म्हणतो, दुसऱ्या दिवशी बाजू बदलतात. अट म्हणणाऱ्या बाजूने 'वुड' उच्चारले की दुसरी बाजू टाळी वाजवते. खेळ साधा आहे, पाचवीतल्या मुलांनाही आवडेल. पण तो दहावीपर्यंत चालवण्यात कमीपणा मानू नये.

आता तो दुसरा प्रश्न, केव्हाची गोष्ट? येथे मराठी मदतीला येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढील दोन वाक्ये ऐकावीत. 'माझ्याकडे सायकल असती, तर मी रोज सायकलने आले असते.' 'काल माझ्याकडे सायकल असती, तर मी सायकलने आले असते.' पहिले आजचे, दुसरे कालचे. क्रियापदांची रूपे मात्र अगदी तीच. मराठी भाषा बंद दारावर एकच पाटी लावते. ते आज बंद आहे की काल बंद झाले, हे 'रोज', 'काल' अशा शब्दांवर किंवा प्रसंगावर सोपवते. इंग्रजीत पाट्या दोन आहेत. आजच्यासाठी 'इफ आय हॅड अ सायकल, आय वुड कम बाय सायकल एव्हरी डे.' कालच्यासाठी 'इफ आय हॅड हॅड अ सायकल, आय वुड हॅव कम बाय सायकल.' तो दोनदा येणारा 'हॅड' मुलांना छपाईची चूक वाटतो. काही जण तो एकदाच लिहून, पुस्तक सुधारल्याच्या आनंदात पुढे जातात! त्यांना हसू नये. मराठीने एका रूपात भागवले तेथे इंग्रजी दोन का मागते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून भाषांतर करण्यापूर्वी प्रत्येक मराठी वाक्याच्या समासात मुलाने 'आज' किंवा 'काल' असा एक शब्द लिहावा. तेवढ्या एका शब्दाने 'सेकंड' आणि 'थर्ड' यांचा गोंधळ बराच निवळतो.

जोडशब्दांचीही एक गंमत आहे. मराठीत 'जर' गाळता येतो, 'तर' गाळता येत नाही. 'पाऊस आला तर भिजू' हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत याच्या उलट : 'इफ' ठेवावाच लागतो, 'देन' बहुधा नकोच असतो. त्यामुळे मराठी वळणाने विचार करणारे मूल 'इट रेन्स देन वी विल गेट वेट' असे लिहिते आणि 'तर' सापडल्याच्या समाधानात 'इफ' विसरते. 'हॅड आय नोन' सारखी इफ गाळलेली रूपे वरच्या वर्गांनी वाचनात ओळखावीत, लिहिण्याची घाई नको.

'अनलेस'बद्दल थोडक्यात. 'तू अभ्यास केला नाहीस, तर नापास होशील' यात 'नाही' उघड दिसते, म्हणून मूल 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहिते. 'नाही' त्या शब्दाच्या पोटातच आहे, एवढे सांगून चारसहा वाक्ये करून घेतली की काम भागते. 'बर्फ तापवला तर वितळतो' आणि 'तो बर्फ उन्हात ठेवलास तर वितळेल' यांतील फरक तर मराठीत इतका स्वच्छ आहे की झिरो आणि फर्स्ट यांच्यावर स्वतंत्र तास घालवण्याचे कारण नाही. तो विज्ञानाच्या प्रयोगवहीतून जाता जाता होतो : 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.'

सरावासाठी वाक्ये कोठून आणावीत? मार्गदर्शक पुस्तकांतल्या वाक्यांत टॉम आणि मेरी असतात आणि त्यांची गाडी नेहमी चुकते. मराठी शाळेकडे याहून मोठे भांडार आहे. 'मी मुख्याध्यापक झालो तर', 'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर', 'आरसा नसता तर' : कल्पनाप्रधान निबंधाची ही परंपरा मराठी वर्गात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. संमेलनाला जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने यातला एखादा तरी निबंध लिहिला असेल. हे सगळे निबंध आरंभापासून शेवटपर्यंत संकेतार्थात असतात. शिवाय शीर्षकांतच भेद आहे : 'झालो तर' हे उघडे दार, 'नसत्या तर' हे बंद. ज्या आठवड्यात मराठीच्या तासाला 'परीक्षा नसत्या तर' लिहून झाला, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला त्यातली आठ वाक्ये घ्यावीत. कल्पना मुलाची स्वतःची असते, मराठी मांडणी झालेली असते. शोधायचे असते ते फक्त इंग्रजी रूप. 'इफ देअर वेअर नो एग्झाम्स' हे ते मग हौसेने लिहिते. तेथे 'वॉज' न येता 'वेअर' का आले, आणि 'इफ आय वेअर द प्रिन्सिपल' मध्येही तेच का येते, हे त्याच ओघात सांगून टाकावे.

'थर्ड कंडिशनल'साठी इतिहासासारखा विषय नाही, आणि मराठी माणसाला इतिहासातील जर-तरची आवड मुळातच आहे. 14 जानेवारी 1761 हा दिवस वर्गात नुसता उच्चारावा. सूरजमल जाट शेवटपर्यंत बरोबर राहिला असता तर? सैन्याची रसद तुटली नसती तर? विश्वासराव पडले नसते तर? मुले आपोआप बोलू लागतात. 'इफ विश्वासराव हॅड नॉट फॉलन, द आर्मी वुड नॉट हॅव लॉस्ट हार्ट.' थोरले माधवराव 1772 साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. 'इफ माधवराव हॅड लिव्ह्ड लाँगर' एवढेच फळ्यावर लिहून उरलेले वाक्य प्रत्येकाने पूर्ण करावे. पंचवीस मुलांची पंचवीस उत्तरे येतात. इतिहासाचे शिक्षक काही उत्तरांवर आक्षेप घेतील, तो त्यांचा अधिकार. इंग्रजीच्या शिक्षकाने त्या वेळी केवळ 'हॅड' आणि 'वुड हॅव' आपापल्या जागी आहेत की नाहीत एवढेच पाहावे.

याहून जवळचा इतिहास घरोघरी आहे. उत्तरेतील मराठी कुटुंबांपैकी काहींचे पूर्वज शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांबरोबर आले, काही संस्थानी कारभारासाठी, पुढे अनेक जण रेल्वे, टपाल, बँका आणि गिरण्यांतील नोकऱ्यांसाठी. ते आले नसते तर आज ही मुले कोठे असती? 'इफ अवर ग्रँडफादर्स हॅड नॉट कम नॉर्थ, वी वुड नॉट बी लिव्हिंग हिअर टुडे.' अट कालची, फळ आजचे. व्याकरणाच्या पुस्तकांत या मिश्र प्रकाराला शेवटच्या पानावर जागा मिळते आणि बहुतेक वर्ग तेथवर पोहोचत नाहीत. आजोबांची गोष्ट सांगणाऱ्या मुलाला मात्र तो सहज लागतो. समासात 'काल' आणि 'आज' हे दोन्ही शब्द लिहिण्याची सवय असेल, तर हे वाक्य त्याला अवघडही वाटत नाही.

तोंडी सरावाचा आणखी एक प्रकार साखळीचा. पहिला म्हणतो, 'इफ आय मिस द बस, आय विल बी लेट.' दुसरा त्याचे फळ उचलून अट करतो, 'इफ आय ॲम लेट, आय विल मिस द प्रेयर.' 'विल बी'चे 'ॲम' होणे, 'विल मिस'चे 'मिस' होणे, हे पाठांतराशिवाय जिभेवर बसते. साखळी तुटली की ज्याच्यापाशी तुटली त्याने नवी सुरू करायची. त्याला उभे करून ठेवू नये. चुकीची शिक्षा होते हे कळले की मूल छोटी, सुरक्षित, निर्जीव वाक्ये बोलू लागते आणि खेळाचा प्राण जातो.

वही तपासताना लाल शाईने नुसती फुली मारण्याऐवजी चुकीचा पत्ता लिहावा : 'हिंदीतून', 'दोन्हीकडे असता', 'काल की आज?' एवढे दोन शब्द पुरतात. दोन महिन्यांत मुलालाच कळते की त्याच्या बहुतेक चुका एकाच घरून येतात. काहींना हे फार वेळखाऊ वाटेल, आणि एका शिक्षकावर पाच-पाच वर्गांचा भार असताना ते वेळखाऊ आहेही. त्यासाठी मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वह्या वाटून घ्याव्यात. संकेतार्थाचा प्रकार ओळखण्याचे काम मराठीच्या बाई निःसंशय अधिक चांगले करतील.

पालकांकडून या कामात इंग्रजीची अपेक्षा नाही. रात्री जेवताना त्यांनी मुलाला मराठीतच विचारावे, "दिवाळीला पुण्याचे आरक्षण मिळाले तर काय करू या? आणि गेल्या वर्षी मिळाले असते तर?" मुलाने दोन्ही उत्तरे मराठीत पूर्ण वाक्यांत द्यावीत, 'तर' न गाळता. सकाळी शाळेत इंग्रजीचा तास पहिला असतो. त्याच दोन वाक्यांनी तो सुरू करता येतो.